तंबोऱ्याचं तिकीट

“तंबोरा मालाबरोबर खाली जाईल. जादा सामानाचं भाडं भरा,” विमानतळाच्या काउंटरवरचा तरणा कारकून म्हणाला, आणि बाबालाल गवयांच्या कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

“माल? पावणं, गुळाची ढेप हाय व्हय ही?”

तंबोरा वडिलांच्या हातचा. त्याचा भोपळा बाबालाल असा धरत, जसं बाळंतिणीच्या कुशीतलं लेकरू पहिल्यांदा उचलावं. आज संध्याकाळी मुंबईच्या सभेत त्यांचं गाणं होतं, तेही थेट रेडिओवर. जन्माची आस आज फळाला येत होती, आणि या तंबोऱ्यावाचून त्यांचा गळा उघडत नसे. मागं बसून तो छेडायला बायको मलिका होती. लग्न झाल्यापासून ती मागंच बसत आली होती.

“भाडं तोंडावर मारतो तुमच्या! पर ह्यो माझ्या मांडीवर बसंल.”

“मांडीवर चालणार नाही, फार उंच आहे. त्याला वेगळी जागा घ्यावी लागेल. पूर्ण तिकीट.”

“पूर्ण? त्यो काय चा पिणार हाय? बिस्कुट खाणार हाय?”

“त्येच्या वाटणीचं मी खातो की, वस्ताद,” मागून हंबीरराव म्हणाले. बाबालालांचे हे जुने दोस्त कसबा बावड्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं घेऊन निरोपाला आले होते.

“तू गप रं! फाडा तिकीट!”

“विमान भरलंय, काका.”

बाबालालांचा तोल सुटला. “मग माझी जागा द्या त्येला! मी न्हाय जात!”

आता, बाबालालांचा रुसवा म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेली चीज. जत्रेत बैठक जरा खाली घातली की ते उठून झाडाखाली जाऊन बसत. मग पाटील यायचे, पटका बांधायचे, पान द्यायचे. रुसल्याशिवाय गवई आणि मनवल्याशिवाय यजमान शोभत नाही, अशी तिथली रीतच होती.

पण कारकून पुण्याकडचा. “वा, मग प्रश्नच मिटला,” तो म्हणाला, आणि त्यानं बाबालालांचं नाव खोडून तिथं ‘तंबोरा’ लिहिलं.

बाबालाल तरातरा बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. मलिका मागोमाग धावली. “अवो, उठा की! त्यानं खरंच नाव खोडलंय.”

“तू तंबोरा घिऊन आत जाऊन बस. येतोय बघ त्यो, पाय धराय.”

“वस्ताद, चला की,” हंबीरराव म्हणाले.

“आपल्या माणसानं मनवायचं नसतंय! यजमान येऊ दे.”

यजमान आला नाही. घरघर सुरू झाली. ट्रॉलीतली माणसं पहिल्यांदाच विमान बघत होती. हारतुरे हातात घेऊन ती आ वासून उभी राहिली. खिडकीत मलिकेचा चेहरा आणि तिच्या शेजारी पट्ट्यानं बांधलेला तंबोरा क्षणभर दिसला. मग नुसता धुरळा उरला.

“थांबवा त्येला!” बाबालाल धावत ओरडले. “आरं, मी रुसलोय नुसता!”

संध्याकाळी हंबीररावांच्या घराच्या सोप्यात गाव जमलं. बाबालाल भिंतीकडं तोंड करून बसले होते. विमान, कारकून, सारी पुण्याकडची जात, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या होत्या. रेडिओ बोलला, “गवई येऊ शकले नाहीत. त्यांच्या पत्नी गात आहेत.”

“ही? ही काय गाणार!” बाबालाल भिंतीशीच गरजले. “इज्जत घालवणार माझी!”

तंबोरा झंकारला. मलिकेचा आवाज आला, आधी ओल्या मातीसारखा दबका. मग पन्हाळ्यावर धुकं फाटून ऊन पडावं तसा वर चढला. वरच्या षड्जावर ती अशी काही थांबली की सोप्यातल्या बाया पदराला डोळे पुसू लागल्या.

बाबालाल गर्रकन वळले. डोळ्यांत निखारे होते. “हे हिला कुणी शिकवलं? माझ्याम्होरं कधी न्हाय गायली ती असं!”

“गायली असती, वस्ताद,” हंबीरराव हळूच म्हणाले. “पर तुमी गायचं कधी थांबलासा?”

रागारागानंच बाबालालांनी रेडिओचा कान पिळला आणि आवाज मोठा केला.