नंबर टाकलेली ड्राइव्ह

सीताबर्डीवरील एका सरकारी कार्यालयाच्या दाखला शाखेतील संगणकाने सोमवारी सकाळी, कार्यालयीन वेळेतच, प्राण सोडला. त्याआधी बरेच दिवस त्याची हार्ड डिस्क पिठाच्या गिरणीसारखी घरघरत होती. पण ही घरघर म्हणजे आजार की काम चालू असल्याचा पुरावा, यावर शाखेत दोन मते होती. बहुमत पुराव्याच्या बाजूने असल्याने कोणी लक्ष दिले नाही.

कनिष्ठ लिपिक अंकुशला मात्र या मरणाचे खरोखर दुःख झाले, कारण समोरच्या बाकावर सक्करदऱ्याच्या भीमाबाई बसल्या होत्या. त्यांची नात पायल नर्सिंगच्या प्रवेशयादीत लागली होती. मेसमध्ये पोळ्या लाटून भीमाबाईंनी तिला इथवर आणले होते. आता फक्त रहिवासी दाखला हवा होता, आणि शुक्रवार संध्याकाळ ही शेवटची मुदत होती.

"जय भीम, भाऊ. आज होते ना गा काम?"

"आजी, कॉम्प्युटरची डिस्क गेली. नवीन आली का पयले तुमचाच दाखला काढतो."

नवी ड्राइव्ह मंगळवारीच आली. मागितलेली वस्तू इतक्या लवकर आल्याने कार्यालयात थोडी अस्वस्थता पसरली, पण ती लवकरच दूर झाली, कारण वस्तू आधी भांडारपाल कवडूभाऊंच्या ताब्यात गेली. ती बोटाएवढी एक पातळ पट्टी होती. कवडूभाऊंनी ती कानाशी नेऊन हलवून पाहिली.

"हे डिस्क होय? फिरत नाही, वाजत नाही. वजन तं पहा हिचं!"

"नव्या प्रकारची आहे, कवडूभाऊ. हिच्यात फिरणारं काहीच नसते, म्हणून तं फास्ट चालते."

"काहीच नसते तं मी जमा काय करून घेऊ?"

तरीही, पुरवठा झालेली वस्तू नाकारणे नियमात बसत नसल्याने त्यांनी ती जमा करून घेतली आणि ब्रश काढला. या कार्यालयात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइल पेंटने जडवस्तू क्रमांक पडतो. खुर्च्यांवर आहे, पंख्यांच्या पात्यांवर आहे, पाण्याच्या रांजणाच्या झाकणावरही आहे. कवडूभाऊंचे अक्षर अतिशय देखणे, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. पण कार्यालयाचे संक्षिप्त नाव, शाखा, वस्तूचा प्रकार आणि वर्ष एवढा मजकूर त्या पट्टीवर मावेना. नुसते नाव संपेस्तोवर पट्टी संपत आली. तेव्हा त्यांनी उरलेला क्रमांक मागच्या बाजूला उतरवला आणि वर्ष संगणकात खोचायच्या टोकावरच्या सोनेरी दातांवर टाकले. सोनेरीवर पांढरे आकडे उठून दिसत होते.

बुधवारी रंग वाळला. अंकुशने ड्राइव्ह संगणकात बसवली, पेन ड्राइव्ह लावला आणि ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली. पडद्याने भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, मग पानोपान अटी दाखवून त्या मान्य आहेत का ते विचारले. अंकुशने त्या न वाचता मान्य केल्या. मग पडदा म्हणाला: ड्राइव्ह आढळली नाही.

त्याने ड्राइव्ह बाहेर काढून पाहिली, तर चालू वर्ष थेट दातांवर बसलेले.

"कवडूभाऊ, थिनर द्या. दातावरचा रंग काढा लागते."

"सरकारी वस्तूचा नंबर पुसून राहिला का गा तू? नोकरी जाईन!"

"अहो, नंबर असला तं कॉम्प्युटरले ड्राइव्ह दिसत नाही."

"अन् नसला तं ऑडिटले दिसत नाही. तुले पगार कोन देते, कॉम्प्युटर का सरकार?"

प्रश्न बिनतोड होता. अंकुश साहेबांकडे गेला. साहेब स्वतः उठून दाखला शाखेत आले, त्यांनी पडद्यावरचा मजकूर दोनदा वाचला आणि चेहरा गंभीर केला.

"ड्राइव्ह आढळली नाही, असं इथं स्पष्ट नमूद आहे. म्हणजे शासकीय मालमत्ता गहाळ झाली."

"गहाळ नाही साहेब, हे पहा, माझ्या हातात आहे."

"गहाळ झालेली वस्तू तुमच्या हातात? मग प्रकरण जास्तच गंभीर आहे."

चौकशीसाठी समिती नेमण्यात आली. क्रमांकाची सर्वांत जास्त माहिती कवडूभाऊंना असल्याने अध्यक्षपद त्यांनाच मिळाले. गुरुवारी समितीने क्रमांकाची तपासणी केली. तो सुवाच्य, पूर्ण आणि नियमानुसार असल्याचे आढळले, सबब दोष संगणकाचा असल्याचा निष्कर्ष निघाला. भीमाबाई दिवसभर बाकावर बसून होत्या. बाकावरही नंबर होता.

शुक्रवारी मधल्या सुटीत समितीसह सगळे कार्यालय तर्रीपोहे खायला उतरले. अंकुश उठला, भांडारातली थिनरची बाटली आणि कापसाचा बोळा घेतला आणि सोनेरी दात एकेक करून पुसले. बाकीच्या नंबराला त्याने हात लावला नाही, फक्त वर्ष गेले. ड्राइव्ह बसवली. पडद्याने पुन्हा भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, अटी विचारल्या, आणि या वेळी ड्राइव्ह दिसली. भीमाबाई पदराचे टोक मुठीत धरून त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. लोक पोहे खाऊन परतायच्या आत सिस्टिम टाकून झाली, संगणक पुन्हा सुरू झाला तो डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि पायलचा दाखला प्रिंटरमधून बाहेर आला. अंकुशला मनापासून आनंद झाला; नोकरीत असे काही वाटू शकते हे तो विसरूनच गेला होता.

"झाला का गा?"

"झाला, आजी. साहेबांची सही घेतली का संपलं."

साहेबांनी दाखला वाचला. त्यात एकही चूक नव्हती, त्यामुळे त्यांना संशय आला.

"हा कोणत्या ड्राइव्हवरून काढला?"

"नवीन, साहेब. फक्त वर्ष पुसलं."

"म्हणजे जी ड्राइव्ह यंदा आली असल्याचा कोणताही पुरावा तिच्यावर नाही, तिच्यावरून. आणि त्या सिस्टिमच्या अटी शासनाच्या वतीनं मान्य कोणी केल्या?"

"मी केल्या."

"वाचल्या होत्या?"

आजवर कोणी वाचल्या आहेत, असे विचारायचे अंकुशच्या अगदी ओठावर आले होते, पण साहेबांपुढे ते ओठावरच राहिले.

दाखला रद्द झाला. कवडूभाऊंनी वर्ष पुन्हा टाकले, या वेळी दोन हात देऊन. पुन्हा कोणी पुसू नये म्हणून ड्राइव्ह साहेबांच्या दालनातल्या काचेच्या कपाटात कुलपात ठेवण्यात आली, आणि संगणकावर धूळ बसू नये म्हणून आवरण घालण्यात आले. तोवर प्रवेशाची मुदत संपली होती.

भीमाबाई दालनाच्या दारात आल्या. "साहेब, माह्या नातीनं आता काय करावं?"

"पुढच्या वर्षी या, आजी," साहेब सौम्यपणे म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "काळजी करू नका. ड्राइव्ह तोवर अगदी नवीच राहील."

त्या संध्याकाळी अंकुशला जेवण गेले नाही. त्याने सगळी हकिगत बायकोला, नंदिनीला सांगितली. ती फार हळहळली. "वापरायले आणलेली वस्तू, अन् वापरूच देत नाही म्हंजे! एका पोरीचं वर्ष गेलं. कसे लोक राहतात बाप्पा!"

अंकुशने बातम्या लावायला रिमोट उचलला. टीव्ही घेतला तेव्हापासून रिमोट दुकानातल्या प्लास्टिकमध्येच होता. प्लास्टिक पिवळे पडून आकडे दिसेनासे झाले होते. त्याने बटण दाबले, मग जोरात दाबले, मग रिमोट तळहातावर आपटला.

"हे प्लास्टिक काढू का वं?"

"काहून? खराब होईन ना. अजून नवाकोरा आहे."

त्याने मान डोलावली आणि जे चॅनेल लागले तेच बघत बसला.

वाचकहो, साहेबांचा आणि कवडूभाऊंचा तुम्हाला संताप आला असेल, आणि तो अगदी योग्य आहे. फक्त तो व्यक्त करण्याआधी आपल्या घरच्या रिमोटवरचे प्लास्टिक तेवढे काढून या. सावकाश काढा, घाई नाही. पायलला तसेही वर्षभर थांबायचेच आहे.