तळपायाची नोंद

आमच्या प्रयोगशाळेत कोण उंदीर आणि कोण कर्मचारी, हे चाचणी संपेपर्यंत कोणालाच सांगत नाहीत. आधी कळलं तर माणूस हवा तसा निकाल लिहितो म्हणे. यादी वरच्या ऑफिसात बनते आणि लाखेने बंद केलेल्या पाकिटात येते.

पहिल्या दिवशी सगळ्यांनाच भूल देतात. जाग येते तेव्हा प्रत्येकाच्या मांडीवर टाके असतात, पण आतली नस बांधलेली असते ती फक्त उंदरांची. मग तीन महिने इंजेक्शन, कोणाला औषध, कोणाला नुसतं मिठाचं पाणी. रोज सकाळी पाळीपाळीने जाळीच्या टेबलावर चढायचं. दुसरा कोणीतरी खालून नायलॉनचा जाड केस तळपायाला टेकवतो. पाय झटकला तर वेदना आहे, अशी नोंद.

शेवटी उंदरांची नस काढून तपासायला पाठवतात. त्यानंतर उंदीर उरत नाही.

त्यामुळे कोणी पाय झटकत नाही. मीही नाही. घोडकेबाईंची सकाळची नोंद माझ्याकडे होती. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. केस टेकवला की त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि मी वहीत बघायचो.

काल डॉक्टर रेग्यांनी पाकीट फोडलं. मी कर्मचारी निघालो. घोडकेबाई उंदीर निघाल्या. मला हायसं वाटलं, हे सांगायची लाज वाटते.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि आपल्याला काय टोचत होते ते विचारलं. डॉक्टरांनी यादी पाहिली. औषधच होतं.

"मग ते लागू पडत नाही," बाई म्हणाल्या. "तीन महिने पायाची नुसती आग आग होतेय. देशमाने, नोंद दुरुस्त करा. उद्या हे माणसांना देतील."

मी पेन उघडलं. डॉक्टरांनी शांतपणे नियम सांगितला. उंदराचं तोंडी म्हणणं नोंदीत धरता येत नाही, पाय झटकला तरच धरता येतं. हवं तर शेवटची एक नोंद घ्या, असं डॉक्टर मला म्हणाल्या.

बाई घाईघाईने टेबलावर चढल्या. "टेकवा," त्या म्हणाल्या. मी केस टेकवला, चांगला दाबून टेकवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय मात्र सवयीने जागचा हलला नाही.

डॉक्टर थांबल्या होत्या. मी लिहिलं, वेदना नाही.