कोपऱ्यावर बसलेला जावई

"तुझ्या घरच्यांना मी जेवता जेवता खिशात घालतो. तू बिनघोर ये!" दुआर्तेने तायाला फोनवर ठणकावून सांगितलं.

हा गडी पोर्तुगालचा. रशियातल्या वोलोग्दाच्या दूध कारखान्यात यंत्रं बसवायला आला, वर्षभरात रशियन फाडफाड बोलायला लागला आणि त्याला वाटलं, झालो आपण रशियन! आज तो तायाला मागणी घालायला निघाला होता. ताया दवाखान्यातली ड्युटी संपवून मागून येणार होती.

सुरुवात तर झकास झाली. तिथल्या रीतीप्रमाणे फुलं मोजून विषम आणली, कारण सम फुलं मयताला. उंबरठ्यावरून हात मिळवला नाही. बूट काढून घरातल्या सपाता घातल्या. तायाची आजी कापितोलिना एकदम खूश! ताया तिशी ओलांडून गेलेली, त्यामुळे आजीला डोळे मिटायच्या आत नातजावई बघायचा होता. "पोरगा माणसांतला दिसतोय," ती तायाच्या बापाच्या कानात म्हणाली. बाप रोदिओन ट्रॉलीबस चालवायचा. त्याने नुसतं "हं" केलं.

मग सगळे जेवायला वळले, आणि दुआर्ते सरळ जाऊन टेबलाच्या कोपऱ्यावर बसला!

"अरे, तिथे नको! मध्ये बस!" आजी किंचाळली.

"छे छे आजी, मध्ये मोठ्या माणसांनी बसावं. मला इथेच बरं."

अडचणीची जागा धाकट्याने घ्यावी, हे त्याच्या आईचं वळण. आता कोपऱ्यावर बसलं की सात वर्षं लग्न होत नाही, हे वोलोग्दात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते मुद्दाम कोण सांगत बसणार?

"सरक रे बाळा इकडे," आजी काकुळतीला आली.

"आजी, खरंच नको! मी विचार करूनच इथे बसलोय."

झालं! आजीचा चेहरा पडला.

"विचार करून म्हणे!" रोदिओन गुरगुरला. "मग फुलं कशाला आणलीस?"

"आवडली नाहीत का काका?"

"फुलं आवडली!"

आजीला दुःख झालं की ती वाढत सुटते. शेपू भुरभुरलेल्या पेल्मेन्यांचा, म्हणजे खिमा भरून उकडलेल्या करंज्यांचा डोंगर आला, वर आंबट साय. अन्नाचा मान राखायचा म्हणून दुआर्तेने ताट पुसून साफ केलं. ताट रिकामं म्हणजे पाहुणा उपाशी, म्हणून आजीने पुन्हा भरलं. त्याने पुन्हा साफ केलं. असं करता करता पोट एवढं तट्ट झालं, की भिंत आणि टेबल यांच्यामध्ये तो बुचासारखा अडकला.

"लग्नाला नकार, पण जेवायला होकार!" रोदिओन सैंपाकघरात जाऊन आजीपाशी फणफणला.

तेवढ्यात ताया आली. दारातच थबकली. डोळे भरून आले.

"कोपऱ्यावर बसलास? नसेल करायचं लग्न तर मला सांगायचं होतंस! घरच्यांसमोर कशाला?"

"नाही करायचं? कोण म्हणालं?"

"तूच!" रोदिओन धावत येऊन गरजला. "आल्यापासून दुसरं काय सांगतोयस?"

मग तायाने हुंदके देत कोपऱ्याची भानगड सांगितली. दुआर्तेचं तोंड पांढरंफटक! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. तो ताडकन उठला, पण एकटा नाही, टेबलासकट! बिटाची कोशिंबीर उडाली ती थेट रोदिओनच्या इस्त्रीच्या शर्टावर.

"करायचंय! लग्न करायचंय! ताया, करशील माझ्याशी?"

"करते रे बाबा! पण आधी ऊठ तिथून!"

"उठून काय होतंय?" आजी रडवेली झाली. "बसला तो बसलाच. सात वर्षं मी कुठली थांबतेय!"

लाल शर्टातला रोदिओन तडक आत गेला आणि करवत घेऊन आला. "कोपराच शिल्लक ठेवत नाही! मग बघू काय करतो तो!" कर्र कर्र कर्र! भुगा उडाला, लाकडाचा तिकोनी तुकडा खाली पडला. ताया दुआर्तेच्या गळ्यात पडली, रोदिओनने पेले भरले.

आजीने मात्र चष्मा लावला. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. या टोकापर्यंत, मग त्या टोकापर्यंत.

"रोद्या, मेल्या," ती म्हणाली, "एक कोपरा होता, त्याचे दोन केलेस!"