संचात एकच कानिफनाथ

"चिठ्ठी एक आनि तुवर दोन! ह्ये कसं काय?" मळ्यातल्या कानिफनाथने कारखान्याची ऊसतोडीची चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. मागची बाजू कोरी होती, त्यामुळे त्याचा संशय आणखी वाढला.

"चिठ्ठी माजी हाय," वेशीतला कानिफनाथ म्हणाला. "वाच की. कानिफनाथ भिमाजी तुवर."

"मंग मी कोन?"

प्रश्न रास्त होता. दोघे भाऊबंद. दोघांच्याही आयांनी मढीच्या नाथांना नवस केलेला आणि दोघेही नेमके एकाच यात्रेच्या दिवशी जन्मले. मग दुसरं नाव ठेवायची कुणाची छाती? बापांची नावंही भिमाजीच. नेवाशाकडच्या त्या गावात भिमाजींना काही तोटा नव्हता. गावाने एकाला मळ्यातला म्हटलं, दुसऱ्याला वेशीतला, आणि चाळीस वर्षं सगळं सुरळीत चाललं. दोघांत थोरला कोण, एवढी एकच गोष्ट मिटली नव्हती. दोघांची सुईण एकच, पण ती मरतानाही कुणाच्याच बाजूने बोलली नाही, हे दोघांचंही दुःख होतं.

आता एकोणीसशे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा गळीत हंगाम. बांधाला बांध लागून दोघांचा ऊस उभा, दोन्हीकडे तुरे आलेले. आठ-पंधरा दिवसांत कोयता लागला नाही तर वर्षाची मेहनत पाचटात जाणार. तोडणीची टोळी येऊन बांधावर बसली होती. मुकादम सहादेव म्हणाला, "कोनाचा तोडू त्ये ठरवा. एका चिठ्ठीवर एकाचाच तुटंल."

"तुजा मेव्हना कारखान्याच्या कँटीनला हाय," मळ्यातला डोळे बारीक करून म्हणाला. "त्यानंच माजं नाव खाल्लं."

"आनि तू शेतकी साहेबाला हुरडा खाऊ घातलास, त्ये न्हाई का म्या बघितलं?"

दोघेही एकाच एस.टी.ने कारखान्यावर गेले, पण एक पुढच्या बाकावर आणि एक मागच्या. दुसरा आधी उतरू नये म्हणून दोघेही दारातच अडकले.

कारखान्यात शलमोन भिंगारदिवे नावाचा कारकून होता. पुण्याला सहा महिने राहून तो कॉम्प्युटरची भाषा शिकून आला होता. भोकं पाडलेली कार्डं तो पत्र्याच्या डब्यात घालून दर सोमवारी पुण्याला पाठवी आणि गुरुवारी तिकडून कुणाकुणाची तोड लागली त्याची छापील यादी येई.

"याला संच म्हणतात," शलमोनने डबा उघडून दाखवला. "तुमच्या पोरांना नव्या गणितात असेल बघा. संचात एक वस्तू एकदाच. आपला जुना संच ढिला होता, येईल त्याला आत घ्यायचा. काही सभासद जुन्या नंबराने एकदा आणि नव्या नंबराने एकदा, अशी दोनदा तोड घ्यायचे. म्हणून मी नंबर सोडून नावावर भर दिला. नाव आत असलं की तेच परत घेत नाही. संच सुधारला."

"सुधारला म्हंजी मला काडलं," मळ्यातला म्हणाला.

"तुम्हाला नाही काढलं हो. दोघांतला एक काढला."

"कोन?"

"ते यंत्राला कळत नाही."

"यंत्राला कळत न्हाई आनि ह्याला बरं कळलं चिठ्ठी आपली हाय म्हून!"

शलमोनने घाम पुसला. नावापुढे सहा रकाने मोकळे होते. प्रत्येकाने स्वतःची एक खूण लिहून द्यावी, ती कार्डावर छापून येईल, असं त्याने सुचवलं. दोघांना पटलं. पण एकाची खूण दुसऱ्याला कळता कामा नये! मळ्यातल्याने पाकीट मागितलं, वेशीतल्याने ते सीलबंद करायला लाख मागितली.

"अन् तुमीबी वाचायचं न्हाई," दोघांनी शलमोनलाही बजावलं. पाकिटं तशीच बंद पुण्याला गेली.

गुरुवारी यादी आली. कानिफनाथ भिमाजी तुवर, थोरला. एकच.

"तूबी थोरला लिवलंस?" दोघे एकदमच ओरडले. संचाचं काही चुकलं नव्हतं. दोन थोरले आले, त्याने एक ठेवला.

घरी बायकोने, मनकर्णाने, भाकरी थापता थापता मळ्यातल्याला ऐकवलं, "थोरलेपन चुलीत घाला. ऊस चिपाडावानी झालाय. धाकटा म्हून लिवा आनि मोकळे व्हा. कुनाला कळतंय?" मळ्यातला दोन दिवस धुमसत राहिला, मग गुपचूप लाख लावून पाकीट देऊन आला. जाताना कुणी पाहत नाही ना, म्हणून तो तीनदा मागे वळला. आता वेशीतल्याच्या घरी त्याची बायको छबूबाईसुद्धा भाकरीच थापत होती, हे त्याला कुठून कळणार?

पुढच्या गुरुवारी यादीत पुन्हा एकच तुवर होता. धाकटा.

शलमोनने कपाळावर हात मारला आणि संच पुन्हा नंबरावर बसवायला घेतला. पण त्याला आठवडा लागणार होता आणि उसाला आठवडा नव्हता.

बांधावर दोघे समोरासमोर उभे राहिले. मळ्यातल्याने संशयाने विचारलं, "तू आनि धाकटा? ह्यात डाव काय हाय?"

"ऊस वाळतोय. दुसरा काय डाव असनार?" वेशीतला म्हणाला. "आनि तुजा?"

"माजाबी वाळतोय."

सहादेव कोयत्याला धार लावून कंटाळला होता. "अवो, कोनाचा तोडू?"

"धाकट्याचा," दोघे म्हणाले.

"धाकटा कोन?"

"मी," पुन्हा दोघे म्हणाले.

"मंग धाकट्याचा समदा ऊस तोडतो," असं म्हणून सहादेवने माणसांना हाक मारली. "मला बांध दिसत न्हाई. बाकी तुमी आन् तुमचा कारखाना."

"ह्याचा आदी घ्या," वेशीतला मळ्यातल्याच्या फडाकडे हात करून म्हणाला. "ह्याचा तुरा लई फुललाय."

मळ्यातल्याचे डोळे पुन्हा बारीक झाले. "माजाच आदी का?"

"तू धाकटा हायेस ना?"

पहिला कोयता पडला. मळ्यातल्याने पडलेला ऊस उचलून बांधावर ठेवला.

"व्हय," तो शेवटी म्हणाला. "पर आजच्या दिवसच."