टोपणासह भाला

इतिहासातील सर्वांत घातक शस्त्र वस्तुसंग्रहालयाच्या मुख्य दालनात ठेवावे आणि ते कोणते हे समितीने सर्वानुमते ठरवावे, असा आदेश आला, तेव्हा शस्त्रविभाग सांभाळणाऱ्या बाईंना त्यात काही वावगे वाटले नाही. आदेशावर सही होती, शिक्का होता आणि समितीच्या चहाची तरतूदही होती.

बाईंनी भाला सुचवला. तलवार सरदाराकडे असे, तोफ किल्ल्यावर असे. पण काठीला टोक बसवून, जो सापडेल त्याच्या हाती देता येई तो भालाच. म्हणून तो सगळीकडे होता, आणि म्हणूनच त्याच्यापायी सर्वाधिक माणसे मेली, असे त्यांनी टिपणात मांडले. शेवटी एक वाक्य जोडले : यांतली पुष्कळशी माणसे भाला धरणारीच होती, कारण त्यांना पहिल्या रांगेत उभे करीत.

संचालकांना भाला दिसायला अगदीच गरीब वाटला. खात्याचे उपसचिव मात्र सावरून बसले. फारसे शिक्षण लागत नाही, फारसे साहित्य लागत नाही आणि परिणाम भरपूर, असेच ना, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतले. बाई हो म्हणाल्या. आपला विषय कुणी इतक्या आस्थेने ऐकतो आहे याचेच त्यांना अप्रूप वाटले.

मग टिपण सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. 'मेली' हा शब्द प्रेक्षकांना अस्वस्थ करील म्हणून त्यांनी मेलेल्यांना 'अंतिम लाभार्थी' केले. शेवटचे वाक्य नकारात्मक म्हणून काढून टाकले. भाल्यांच्या टोकांना रबरी टोपणे बसवली, आणि लेखी परवानगीशिवाय टोपण काढू नये असा नियम केला. दालनात पाटी लागली : 'भाला – लोकसहभागातून चालणारे शस्त्र.' प्रदर्शनाला गर्दी उसळली. टोपणाला हात लावून लोक फोटो काढून घेत.

पुढे शेजारच्या देशाशी एका ओसाड टेकडीवरून बिनसले. बंदुकांची खरेदी तेव्हा फेरनिविदेत अडकली होती. उपसचिव बढती मिळून लष्करी पुरवठ्याकडे गेले होते, आणि ऐकलेली गोष्ट विसरण्याची त्यांना सवय नव्हती. बंदुका येईपर्यंत राखीव दलाला 'संक्रमणकालीन शस्त्र' द्यावे असे ठरले. संग्रहालयातले भाले ट्रकमध्ये चढले. कमी पडले ते शाळांच्या मोडक्या बाकांपासून तयार झाले.

बाईंचा धाकटा भाऊ राखीव दलात होता. एरवी तो शिवणयंत्रे दुरुस्त करी आणि बहिणीकडेच राही. निघण्यापूर्वी एक दिवसाची रजा मिळाली, तेव्हा तो भाल्यासकट घरी आला. भाला जिन्याच्या वळणावर अडकला. मजल्यामजल्यावरचे लोक बाहेर आले, कुणी टोक धरले, कुणी दांडा तिरपा केला, आणि हसतखेळत सगळ्यांनी तो वर पोचवला.

जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, हा तुझ्याकडचाच आहे. तेल चांगलं लावलेलं दिसतंय."

बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. समोरच्या सैन्याकडे काय आहे, असे त्यांनी विचारले. बंदुका आहेत म्हणतात, असे सांगून त्याने आणखी भात वाढून घेतला.

त्याच्याआधी गेलेल्या तुकडीचे कुणीच परतले नाही. अहवाल मात्र समाधानकारक होता : सर्व टोपणे शाबूत, भाल्यामुळे झालेले अपघात शून्य. सुरक्षा अधिकाऱ्यांचा सत्कार झाला.

बाई या माजी उपसचिवांच्या नव्या दालनात गेल्या. त्यांनी बसायला सांगितले तरी बसल्या नाहीत.

"तो भाला कुणासाठी घातक आहे, ते मी लिहिलं होतं. तुम्ही लोकांनी ते खोडलंत."

"तुमचा भाऊ आहे, म्हणून तुम्हाला तसं वाटतं," ते मायेने म्हणाले. "ज्यांचं कुणी गेलेलं नाही, ते बघा किती शांत आहेत."

मग त्यांनी नियम समजावून दिला. एकट्या बाईचे म्हणणे ही वैयक्तिक अडचण ठरते आणि ती फायलीत जाते. बरेच लोक या कार्यालयाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, तर तिला जनभावना म्हणतात. मग पुढच्या तुकड्या थांबवण्याचा विचार करता येतो. भावाची तुकडी अजून छावणीतच होती.

त्याच संध्याकाळी बाईंनी इमारतीतली दारे वाजवायला सुरुवात केली. उद्या सकाळी माझ्याबरोबर फक्त फाटकापर्यंत चला, एवढेच त्या मागत होत्या. तळमजल्यावरच्या काकूंनी त्यांना पोटाशी धरले, डोळे पुसले आणि गुडघ्यांचे कारण सांगितले. समोरच्या वकिलांना विषय नाजूक वाटला. वरच्या काकांनी भावाचे तोंडभर कौतुक केले, आमचे मशीन त्याच्यामुळेच चालते म्हणाले. पण मुलगा सरकारी नोकरीत होता. मधल्या मजल्यावर टीव्हीवर युद्धाच्याच बातम्या चालू होत्या, त्यामुळे कुणाला बेल ऐकू आली नाही. वाईट कुणीच वागले नाही. चहा तर दार उघडलेल्या प्रत्येकाने विचारला.

इमारत संपली तेव्हा बाई शेजारच्या इमारतीत शिरल्या, मग तिच्या पुढच्या.

आता त्या तुमच्या मजल्यावर आल्या आहेत. बेल वाजते आहे. दिवा मालवून, आवाज न करता बसून राहिले की थोड्या वेळाने त्या जातात, असा इतरांचा अनुभव आहे.