अकरा घरांची डिस्क

हनुमान जयंतीच्या पंगतीत दादाभाऊंनी माईकवर एक वाक्य बोलून टाकलं आणि लगेच माईक परत दिला, त्यामुळे ते वाक्य दुरुस्त करायची सोय राहिली नाही. वाक्य असं होतं: "उद्या दिवस मावळायच्या आत ज्याचं भांडं त्याच्या घरात. एक जरी ऱ्हायलं, तर भांडी कमिटी गेणभाऊनं घ्यावी, मी सोडली."

गेणभाऊ तेव्हा बुंदी खात होते. खाता खाता त्यांनी मान डोलावली.

एरवी बोरी बुद्रुकच्या त्या वाडीत पंगतीची भांडी ठेकेदाराकडून येतात. यंदा त्याच्या टेंपोचा पाटा पेठजवळ तुटला आणि ऐन वेळी साठ घरांतून भांडी गोळा करावी लागली. ताटं, वाट्या, तांबे, पातेली मिळून अकराशे नग. प्रत्येकावर मालकाचं नाव कोरलेलं. काही वर्षांपूर्वी अशीच वेळ आली तेव्हा कमिटी गेणभाऊंकडे होती. त्या वेळची एक पळी अजून वाडीत फिरते आहे. ती कुणाची, हे विचारायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घासलेली भांडी सोपानच्या ट्रॉलीतून दादाभाऊंच्या दारात आली. अंगणभर कांदा पडलेला. मोकळा होता फक्त ओटा, आणि त्यावर फार तर शंभर भांडी मावणार.

"दादाभाऊ, बारापातुर ट्रॉली मोकळी करा," सोपान म्हणाला. "मला कांदा न्यायचाय."

समोर गेणभाऊ घरून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले आणि बसले. "चालू द्या," ते म्हणाले. "मी हाय."

दादाभाऊंना अडचण आली की तिच्यापेक्षा दुसऱ्याच्या अडचणीत जास्त रस वाटे. ते आत गेले. त्यांची मुलगी उज्ज्वला पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. ती लॅपटॉपसमोर बसून एक निळी पट्टी हळूहळू पुढं सरकताना बघत होती.

"उजा, काय चाललंय?"

"नावं क्रमानं लावतीय, अण्णा. नव्वद कोटी ओळी हायत."

"आन् ह्या पेटीत एका वेळी मावत्यात किती?"

"मेमरीत? दोन कोटी, फार तर अडीच."

दादाभाऊ खाली बसले. "मंग बाकीच्या कुठं उभ्या ऱ्हात्यात?"

"डिस्कवर. मावतील तेवढ्या मेमरीत घ्यायच्या, क्रमानं लावायच्या, गठ्ठा करून डिस्कवर ठिवायचा. जागा झाली की पुढच्या घ्यायच्या. असे सगळे गठ्ठे झाले की मग प्रत्येक गठ्ठ्यातली वरची एकच ओळ बघायची. त्यातलं जे नाव आधी येतं ते उचलायचं. त्या गठ्ठ्यातली पुढची ओळ वर येती. परत बघायचं."

"म्हंजे शेवटाला मेमरीत गठ्ठे नसत्यातच. निस्ती तोंडं."

"हां."

"आन् डिस्कवर ठिवलेलं हालत न्हाई?"

"न्हाई. ठेवलं तसंच परत येतं."

दादाभाऊ उठले. त्यांचा चेहरा नवा पंप पहिल्यांदा चालू झाल्यासारखा झाला होता. "लंका," त्यांनी बायकोला हाक मारली, "मेमरी म्हंजे आपला वटा गं."

"मग झाडून घ्या," लंकाबाई म्हणाल्या.

बारा वाजेपर्यंत काम देखणं झालं. ट्रॉलीतून शंभर भांडी ओट्यावर, नावांप्रमाणे क्रम, एक गठ्ठा, आणि तो धोंडाबाईच्या घरी. पुढची शंभर, पुढचा गठ्ठा, तो ठकूबाईच्या घरी. असे अकरा गठ्ठे अकरा शेजारणींकडे गेले. सोपानची ट्रॉली मोकळी झाली. ओटाही मोकळा झाला. गेणभाऊंची खुर्ची मात्र उन्हाबरोबर दोनदा सरकली.

"निम्मं काम झालं," दादाभाऊ म्हणाले.

"भांडी कुठं हायत?" गेणभाऊंनी विचारलं.

"डिस्कवर."

गेणभाऊंनी थोडा विचार केला. "पळी बी तिथंच हाय का?"

दोन वाजता दादाभाऊंनी अकरा घरांना सांगावा धाडला: आपापल्या गठ्ठ्यातलं फक्त वरचं भांडं आणा. वाडीत 'अ'पासून 'ख'पर्यंत कुणाचंच नाव सुरू होत नसल्यामुळे पहिला नंबर गेणभाऊंचा निघाला. याचं गेणभाऊंनाही आश्चर्य वाटलं.

धोंडाबाई गेणभाऊंचा तांब्या घेऊन आल्या. त्यात ताक होतं.

"धोंडाबाई, हे काय?"

"ताक."

"ते दिसतंय. पण तांब्या मोकळा दिला व्हता."

"म्हनून काय मोकळा परत करू?" धोंडाबाईंना धक्काच बसला. "माझ्या दारातून आजपातुर कुनाचं भांडं रिकामं गेलं न्हाई. आज बरं सुरू करीन!"

ठकूबाई शेजारीच उभी होती. तिच्या हातातलं ताट रिकामं होतं. तिनं ते पदराआड घेतलं, "इसरलेच की" म्हणत घरी गेली आणि ताटात शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. लाडू पाहून प्रयागबाई वाटीसकट मागे फिरल्या. थोड्या वेळानं त्यांच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"प्रयागबाई, पुढचं भांडं!" दादाभाऊ ओरडले.

"आलं! दोन शिट्ट्या ऱ्हायल्यात!"

उज्ज्वला दारात येऊन उभी राहिली. "अण्णा, डिस्क स्लो झाली का?"

"मटकी शिजतीय," दादाभाऊ म्हणाले.

खरी अडचण पुढं आली. रिकामी ताटं एकात एक बसतात, भरलेली बसत नाहीत. ज्या ओट्यावर शंभर भांडी मावत होती, त्यावर आता तीससुद्धा मावेनात. चिमाजींच्या नावापर्यंत येता येता ओटा पिठलं, शिरा, उसळ आणि ताकानं भरला. दादाभाऊंनी भांडी रिकामी करायला घेतली. लंकाबाईंची स्वतःची पातेली भरली, मग डबे भरले, मग पाण्याची कळशी भरली. शेवटी चार पातेली पिठलं गल्लीतल्या बाराव्या घरी, सुभाषकडे ठेवायला दिलं. पाऊण तासानं सुभाषची बायको मोहिनी सहा पातेली घेऊन आली.

"चार दिली व्हती, पोरी," दादाभाऊ म्हणाले.

"पिठलं निस्तं कसं द्यायचं, मामा? दोन पातेली भात लावला."

दादाभाऊंनी उज्ज्वलाकडं पाहिलं. "तू म्हनालीस, ठेवलं तसंच परत येतं."

"मी मशिनीचं म्हनाले. तिथली डिस्क फोडणी देत न्हाई."

"का देत न्हाई?" दादाभाऊंनी मनापासून विचारलं.

"तिला शेजार नसतो, अण्णा."

साडेचार वाजले. अजून 'ठ' संपला नव्हता. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गेणभाऊंनी ताक पिऊन, दोन लाडू खाऊन, खुर्ची थोडी पुढं घेतली होती. "घाई करू नका," ते म्हणाले. "कमिटी मी उद्या सकाळी घेतली तरी चालंल."

हे वाक्य उज्ज्वलाला लागलं. तिनं ओट्याकडं पाहिलं, बापाच्या घामाघूम तोंडाकडं पाहिलं, मग गेणभाऊंच्या हातातल्या तांब्याकडं पाहिलं. तांब्या गेणभाऊंचाच होता, त्यांच्याच हातात होता, आणि रिकामा होता.

"अण्णा, भांडी रिकामी करत बसू नका. ज्याचं भांडं निघालं, त्याला बोलवा. आपल्याच ताटात जेवायचं आन् ताट घिऊन घरी जायचं."

दादाभाऊ देवळाकडं पळाले. काल जो माईक त्यांनी सोडला होता तो पुन्हा हातात घेतला. "'ग' ते 'ठ' वाल्यांनी यावं! 'ड', 'त' वाल्यांनी पाय धुऊन तयार ऱ्हावं!"

माणसं आली. कालच्या पंगतीपेक्षा जास्त भुकेली आली, कारण शिट्ट्या सगळ्यांनी ऐकल्या होत्या. नावाप्रमाणे यायचं, नावाप्रमाणे बसायचं, आपलं ताट चाटूनपुसून, वाट्या-तांबे गोळा करून निघायचं. एक घर उठलं की पुढच्याची भांडी ओट्यावर. 'प' गेला, 'म' गेला, 'स'ला थोडी गर्दी झाली. सोपानला कांद्याच्या ट्रॉलीवरून उतरवून जेवायला बसवावं लागलं. सूर्य शेवटच्या बोटभर उंचीवर असताना हौसाबाई आपली वाटी पदराला पुसत घराकडं गेली आणि ओटा रिकामा झाला.

गेणभाऊ उठले. त्यांनी ओट्याखाली पाहिलं, दारामागं पाहिलं, कांदाही थोडा हलवून पाहिला. मग खुर्ची उचलली.

"पोचली," ते म्हणाले. हा शब्द उच्चारायला त्यांना बराच वेळ लागला.

आत निळी पट्टीही टोकाला पोचली होती. दादाभाऊ त्या रात्री कमिटीचे अध्यक्ष म्हणून झोपले.

सकाळी सहाला कडी वाजली. लंकाबाईंनी दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "इकडं या जरा."

दारात गेणभाऊ. हातात त्यांचं स्वतःचं ताट, ताटात शिरा. त्यांच्या मागं चिमाजी, हातात पोह्यांचं पातेलं. त्यांच्या मागं ठकूबाई. रांग कांद्याला वळसा घालून देवळाच्या पलीकडं गेली होती आणि प्रत्येकाच्या हातातून वाफ निघत होती.

"गेणभाऊ, तुमचं ताट तुमाला दिलं व्हतं ना काल?" दादाभाऊंनी विचारलं.

"दिलं की. पण तुमच्या दारातून भरून मिळालं. रिकामं घरात कसं ठिवायचं? घरच्यांनी मला रातभर झोपू दिलं न्हाई." गेणभाऊंनी ओटा मोकळा आहे का ते पाहिलं. "ताट असू दे. सवडीनं नेऊ."

दादाभाऊंनी मुलीकडं पाहिलं. "उजा, हे मशिनीत व्हतं का?"

उज्ज्वला रांगेच्या टोकापर्यंत जाऊन बघून आली. "न्हाई अण्णा. पण क्रम एकदम बरोबर हाय. शेवटाला हौसाबाईच हायत."

दादाभाऊंना राहवलं नाही. कुतूहलानं त्यांनी चिमाजींच्या पातेल्यावरचं झाकण उचलून आत डोकावलं.

"दादाभाऊ," गेणभाऊ ताट पुढं करत म्हणाले, "आधी माझं. 'ग' पहिला."