मे महिन्यातला हीटर

जुनी डिझेल गाडी सांभाळायला मेकॅनिक लागत नाही, अक्कल लागते! हे मी नारायण पेठेत इतक्यांना ऐकवलं होतं, की लोक मला पाहून रस्ता बदलायचे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून गाडीचं सगळं मीच बघत होतो. त्यामुळे आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या उत्कर्षाची हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत अकराला मुलाखत आहे म्हटल्यावर मी छाती फुगवली. "रिक्षा कशाला? मी सोडतो!"

उत्कर्षा वर्ध्याची. सहा महिने नोकरी शोधत होती. ही मुलाखत गेली तर गावी परत ये, असं वडिलांनी कळवलेलं. धीर द्यायला माझी बायको नीरजाही मागे बसली.

पुलगेटला बघतो तर तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकलेला! मी पीसीओत धावलो आणि पोपट मेकॅनिकला फोन लावला. (अक्कल होतीच, पण खात्री केलेली बरी.)

"पोपट, गाडी तापलीये!"

"हीटर फुल लावा."

"अरे, तापलीये म्हणतोय मी!"

"तेच सांगतोय. हीटर लावा!"

"म्हणजे अजून तापवू?"

"काका, इंजिनाची गरमी आत ओढून घ्या. काचा उघडा आणि हळू चालवा!" फोन बंद.

डोक्यात काही शिरेना, तरी हीटर लावला. भट्टीचं दार उघडावं तशी हवा अंगावर आली! माझ्या शेजारी बसलेल्या उत्कर्षाने काच खाली करायला हँडल फिरवलं, तर हँडल तिच्या हातात! मागच्या काचा तर मी स्वतः दुरुस्त केल्यापासून उघडतच नव्हत्या.

"अहो, आपण भाजून निघतोय!" नीरजा ओरडली.

"पण काटा खाली येतोय!"

"काका, आम्ही वर्ध्याचे," उत्कर्षा घाम पुसत म्हणाली, "पण हे जरा जास्तच होऊन राहिलं!"

फातिमानगरच्या सिग्नलला एक स्कूटरवाला माझ्या खिडकीशी वाकला; तेवढी एकच काच उघडी होती. "काका, हीटर लावलाय?"

"हो. गाडी तापलीये ना, म्हणून."

त्याने मला नीट न्याहाळलं आणि स्कूटर हळूच लांब घेतली.

अकराला पाच कमी असताना पोचलो. इस्त्रीचा ड्रेस अंगाला चिकटलेला, केस ओलेचिंब. "मला दारातूनच परत पाठवतील," एवढंच म्हणून उत्कर्षा आत गेली. मला तोंड लपवावंसं वाटलं.

इंजिन थंड झाल्यावर बॉनेट उघडलं. रेडिएटरसमोर चक्क पुठ्ठा! हवा जाणार कुठून? मग आठवलं. डिसेंबरात इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून तो मीच लावला होता आणि त्यानंतर गाडी पेठेबाहेर गेलीच नव्हती.

"कोणी लावला हा?" नीरजाने विचारलं.

"असेल कोणीतरी."

तिने पुठ्ठा उलटा केला. मागे ठळक अक्षरांत 'काढू नये' असं लिहिलेलं. अक्षर माझंच!

तेवढ्यात उत्कर्षा धावत बाहेर आली. "मिळाली! सोमवारपासून बोलावलंय!"

"अगं, पण कशी?"

"आत लाइट गेलेली, एसी बंद. बाकीचे सगळे घामाने हैराण, साहेबसुद्धा फायलीने वारा घेत होते. मला मात्र तिथे गारच वाटत होतं! उत्तरं निवांत दिली."

"बघा, माझ्या हीटरमुळे!" मी ऐटीत दार उघडलं. "पुठ्ठा काढलाय, आता गाडी तापायची नाही. बसा!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि समोर थांबलेल्या बसकडे धूम ठोकली!

मला काही तसलं करता आलं नाही. गाडी घरी न्यायची होती ना!